धरणगावचा लेफ्टनंट आणि आजचे लष्करी वकील

सैनिकाने लढावे आणि वकिलाने बोलावे, ही कामांची वाटणी सर्वसामान्य माणसाच्या मनात पक्की बसलेली आहे. ज्याच्या खांद्यावर फिती आहेत तोच माणूस मेजाशी बसून तहाची आणि तडजोडीची भाषा बोलतो, हे त्याला सांगितले तर सहसा खरे वाटत नाही. वस्तुस्थिती मात्र तशी आहे. २०२० च्या जून महिन्यात गलवानच्या खोऱ्यात वीस भारतीय जवान धारातीर्थी पडले, त्याच्या आठवडाभर आधी, ६ जून रोजी, लडाखच्या सीमेवर भारत आणि चीन यांचे सेनाधिकारी समोरासमोर बसले होते. पुढे अशा बैठकींच्या एकवीस फेऱ्या झाल्या. परराष्ट्र खात्याचा प्रतिनिधी काही फेऱ्यांनंतर त्या मेजावर येऊन बसला खरा, पण बोलण्याचा मुख्य भार कोअर कमांडरवरच राहिला. २०२४ च्या ऑक्टोबरात जो समझोता जाहीर झाला, त्याच्या मागे या सैनिकांनी तासन्‌तास केलेली शब्दांची घासाघीस आहे.

त्याच २०२४ साली भारताने पोलंड, आर्मेनिया, फिलिपाइन्स, इथिओपिया, मोझांबिक अशा देशांतील आपल्या वकिलातींत सेनाधिकारी नेमण्याचे ठरविल्याची वार्ता आली. या अधिकाऱ्याला इंग्रजीत डिफेन्स अटॅशे म्हणतात. जुन्या मराठी दफ्तरांतला शब्द वापरावयाचा तर त्याला लष्करी वकील म्हणता येईल. कारण पेशवाईत वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, दरबारातला. १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या सातव्या कलमाने वकिलातीतील इतर नोकरांपासून त्याला थोडे वेगळे काढले आहे. त्याचे नाव आधी कळवावे आणि आपली संमती घ्यावी, असे यजमान राष्ट्र म्हणू शकते. तो गणवेशात वावरतो, त्या देशाच्या कवायती आणि युद्धाभ्यास पाहतो, तेथील अधिकाऱ्यांशी स्नेह जोडतो, वर्तमानपत्रे बारकाईने वाचतो, आणि जे दिसले ते आपल्या राजदूताला व आपल्या सेनेच्या मुख्यालयाला कळवितो. हेर आणि पाहुणा यांच्या मधोमध त्याची जागा असते, आणि ही गोष्ट दोन्ही पक्षांना ठाऊक असते.

अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला सैन्यात जावेसे वाटले, तर त्याला खडकवासल्याची प्रबोधिनी आणि डेहराडून ही नावे माहीत असतात. या दुसऱ्या वाटेविषयी त्याला कोणी सांगत नाही. गंमत अशी की, परक्या लोकांत राहून, त्यांची रीत शिकून, बंदुकीचे काम शब्दाने करणाऱ्या सेनाधिकाऱ्याचा जो एक प्रसिद्ध नमुना हिंदुस्थानच्या इतिहासात आहे, तो याच विद्यार्थ्याच्या अंगणात घडला. अमळनेरहून जळगावकडे जाणाऱ्या गाडीत बसले की वाटेत धरणगाव लागते. दोनशे वर्षांपूर्वी या गावी बावीस वर्षांचा एक इंग्रज लेफ्टनंट येऊन राहिला. त्याचे नाव जेम्स औट्रम.

औट्रमकडे वळण्यापूर्वी त्याच्या आधीची थोडी हकिकत सांगणे अवश्य आहे. कंपनी सरकारने हिंदी दरबारांत जे रेसिडेंट ठेवले, त्यांत लष्करी पेशाची माणसे पुष्कळ होती. ३१ डिसेंबर १८०२ रोजी ज्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने आपले स्वातंत्र्य गहाण टाकले, त्या तहावर इंग्रजांतर्फे सही आहे ती कर्नल बॅरी क्लोज याची. जॉन माल्कम हाही सैनिकच. इराणच्या दरबारी तो वकील म्हणून अनेकदा गेला, त्या देशाचा इतिहास त्याने १८१५ मध्ये छापला, आणि १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर झाला. सातारच्या महाराजांजवळ राहिलेला ग्रँट डफ कॅप्टन होता. मराठ्यांच्या इतिहासावरचा त्याचा १८२६ चा ग्रंथ चुकांसह आजही चाळावा लागतो. मराठी शिक्षकाच्या मेजावर ज्याचा कोश अजून दिसतो तो मोल्सवर्थ आणि त्याचे साथी कँडी बंधू हेदेखील फौजेतलेच.

या सर्वांना मराठीची वा फारसीची आवड होती म्हणून ते शिकले, असे मानणे भाबडेपणाचे होईल. भाषा हे त्यांच्या हाती शस्त्र होते, आणि पदोन्नतीची पायरीही होती. आपल्या बाजूला काय होते? पुणे दरबारचे वकील कारकुनी पेशाचे, अक्षर वळणदार, स्मरण दांडगे, राजकारणात मुरलेले. पण इंग्रजी जाणणारा, इंग्रजांच्या देशात राहून आलेला माणूस त्यांच्यात जवळजवळ नव्हता. राघोबादादांनी १७८१ च्या सुमारास हणमंतराव नावाच्या ब्राह्मणाला लंडनला पाठविले, ती गोष्ट अपवाद म्हणून सांगावी लागते, आणि ती सुद्धा त्यांनी पाठविली ती इंग्रजांकडून मदत मिळावी म्हणून.

१८१८ साली खानदेश इंग्रजांकडे आला तेव्हा एल्फिन्स्टनने येथे पाठविला तो कॅप्टन जॉन ब्रिग्ज. माल्कमबरोबर तो इराणला जाऊन आलेला होता आणि फारसी उत्तम जाणत होता. पुढे १८२९ मध्ये फिरिश्त्याच्या इतिहासाचे त्याने केलेले इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. आजचे धुळे शहर जिल्ह्याचे ठाणे झाले ते याच ब्रिग्जच्या निवडीमुळे. त्याच्या पुढे प्रश्न होते दोन. किल्ले धरून बसलेले अरब शिबंदीवाले, आणि डोंगरात गेलेले भिल्ल.

अरबांच्या बाबतीत जी एक गोष्ट घडली ती लष्करी वकिलीचे शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगावी अशी आहे. १८१८ च्या मे-जून महिन्यांत कर्नल मॅकडोवेलने मालेगावच्या किल्ल्याला वेढा घातला. महिनाभर अरब चिवटपणे लढले, इंग्रजांचा एक हल्ला त्यांनी परतवून लावला. अखेर किल्ल्यातले दारूचे कोठार उडाले आणि त्यांनी बोलणे लावले. आम्हांला नीट वागविले जाईल असा कागद द्या, एवढीच त्यांची मागणी. कर्नलाने होकार दिला. कागद मराठीत लिहिला गेला, तो मुनशीने लिहिला. इंग्रज अधिकाऱ्याच्या मनात जेवढे द्यावयाचे होते त्याहून पुष्कळ अधिक त्या मराठी शब्दांत उतरले. किल्ला खाली झाल्यावर अरबांनी कागद पुढे केला आणि त्यातल्या शब्दांवर बोट ठेवले. वाद एल्फिन्स्टनपर्यंत गेला. त्याने निकाल दिला तो अरबांच्या बाजूने. कागदावर जे लिहिले आहे ते पाळलेच पाहिजे, मग लिहिणाऱ्याची चूक असो वा नसो. तोफांनी जे मिळविले त्याची किंमत एका मुनशीच्या लेखणीने ठरविली. एल्फिन्स्टनच्या न्यायबुद्धीचे कौतुक करावे, पण त्यात हिशेबही होता. नव्या मुलखात शब्द मोडला तर पुढचा किल्ला बोलण्याने मिळणार नाही, हे त्याला कळत होते.

भिल्लांचा प्रश्न असा सुटण्यासारखा नव्हता. १८०२ ते १८०४ या वर्षांतल्या होळकरी धामधुमीने आणि दुष्काळाने खानदेश ओसाड झाला होता. गावाची राखण करणारे जागले भिल्ल पोटासाठी डोंगरात गेले आणि लुटारू ठरले. पेशव्यांच्या अंमलदारांनी त्यांच्याशी जो व्यवहार केला तो आठवून मान खाली जाते. कोपरगावी बोलणे करण्याच्या निमित्ताने बोलावून त्यांची मोठी कत्तल करण्यात आली. ज्यांच्या बापांना तहाच्या निमित्ताने बोलावून मारले, त्यांनी पुढच्या कोणत्या तहावर विश्वास ठेवावा? इंग्रजांनीही पहिली सात वर्षे पलटणी पाठवून, रसद तोडून, नाईकांना फाशी देऊन पाहिले. डोंगरात ताप येई, सैनिक मरत, आणि भिल्ल पुढच्या डोंगरावर जात.

१८२५ मध्ये एल्फिन्स्टनने धोरण बदलले. जुने गुन्हे माफ, जमीन कसणाऱ्याला तगाई, नाईकांचे हक्क कायम, आणि भिल्लांचीच एक पलटण. वस्तीचे काम कॅप्टन ओव्हन्सकडे आले, पलटणीचे औट्रमकडे. अनेकांनी या पलटणीची कल्पना हसण्यावारी नेली होती. औट्रमने प्रथम डोंगरावर एक छापा घातला आणि नंतर पकडलेल्यांच्याच मार्फत निरोप पाठविले. पहिले रंगरूट आले ते बोटांवर मोजण्याइतके. तो त्यांच्यात पहाऱ्याशिवाय राहू लागला, त्यांना घेऊन वाघाच्या शिकारीला जाऊ लागला. आपल्याला एकत्र करून मारण्याचा हा डाव आहे अशी आवई उठली, तेव्हा तो एकटाच त्यांच्यात जाऊन बसला. कोपरगावची आठवण पुसण्याला दुसरा इलाज नव्हता. ज्याला फसविले जाण्याचे भय आहे त्याच्या हाती आपला जीव द्यावा, ही युक्ती कोणत्याही पुस्तकात नव्हती. ती त्याला सुचली, कारण हे लोक कशाला भितात हे त्याने आधी समजून घेतले होते.

पलटण उभी राहिल्यावर तिला मालेगावच्या छावणीत नेण्यात आले. तेथे औट्रमची मूळची तेविसावी पलटण होती आणि तिच्यात उच्च जातींचे शिपाई पुष्कळ होते. त्यांनी या भिल्ल जवानांना भेटून पानसुपारी दिली. औट्रमला या गोष्टीचे फार अप्रूप वाटले. ते योग्यच होते. जातीच्या उतरंडीत ज्याच्या हातचे पाणी चालत नाही त्याला बरोबरीच्या नात्याने विडा देणे, हे त्या काळी सरकारी जाहीरनाम्याहून मोठे काम होते, आणि ते कोणा साहेबाच्या हुकुमाने झाले नव्हते.

येथपर्यंतची हकिकत इंग्रजी पुस्तकांत मोठ्या गौरवाने येते. खानदेशातल्या वाचकाने मात्र पुढची पानेही वाचली पाहिजेत. या विश्वासाचा उपयोग कशासाठी झाला? १८३० मध्ये हीच पलटण डांगच्या मोहिमेवर गेली. १८३१ मध्ये अडावद-यावलच्या बाजूला तडवी भिल्लांचा दंगा झाला, तेव्हा औट्रमने थोडक्या माणसांनिशी चारशेहून अधिक लोकांना पकडले. भिल्लांनी भिल्लांना धरून देण्याची ही व्यवस्था इतकी चोख बसली की, १८५८ च्या एप्रिलात आंबापाणीला खाजा नाईक आणि भीमा नाईक यांच्या माणसांशी कंपनीच्या फौजेची लढाई झाली तेव्हा खानदेशची भिल्ल पलटण सरकारच्याच बाजूने होती. खाजा नाईक स्वतः सेंधवा घाटाच्या राखणीवर सरकारी नोकरीत राहिलेला माणूस होता. परक्या माणसाने तुमची रीत शिकली म्हणून तो तुमचा होतो असे नाही. तो पगार ज्याचा खातो त्याचाच राहतो.

मग औट्रमचे ते सारे प्रेम खोटे होते काय? इतके सोपे उत्तर देता येत नाही. तो १८३५ मध्ये खानदेश सोडून गेला आणि १८३९ मध्ये सिंधमध्ये पोलिटिकल एजंट झाला. तेथेही त्याने हाच क्रम ठेवला. अमीरांना ओळखले, त्यांच्या घरच्या अडचणी समजून घेतल्या. पुढे सर चार्ल्स नेपियर सिंधमध्ये आला. त्याला ना भाषा येत होती ना मुलूख ठाऊक होता, आणि सिंध घ्यावयाचाच हे त्याने जवळजवळ ठरविले होते. औट्रमने समेटासाठी खटपट केली. १५ फेब्रुवारी १८४३ रोजी हैदराबादच्या रेसिडेन्सीवर बलुची चालून आले तेव्हा तो तेथे लढलाही. पण दोनच दिवसांनी मियानीची लढाई होऊन सिंध गिळंकृत झाला, तेव्हा हा अन्याय आहे असे तो उघडपणे म्हणाला. लुटीतला आपल्या वाट्याचा पैसा त्याने स्वतःसाठी ठेवला नाही, धर्मादाय कामांना दिला. नेपियरशी त्याचे कायमचे वैर झाले आणि १८४६ मध्ये त्याने सिंधच्या विजयावर टीकाग्रंथ लिहिला. अमीरांना त्याचा काही उपयोग झाला नाही. मुलूख गेला तो गेलाच.

येथे त्याच्या चरित्रावर पडदा टाकला असता तर तो साधुपुरुष ठरला असता. पण १८५४ च्या अखेरीस हाच औट्रम लखनौला रेसिडेंट म्हणून गेला. अयोध्येचा कारभार सुधारण्यापलीकडे गेला आहे असा अहवाल त्याने लिहिला, आणि १८५६ च्या फेब्रुवारीत ते राज्य खालसा झाले. सिंधमधला अन्याय ज्याच्या डोळ्यांना दिसला त्याच्याच लेखणीने अयोध्येचा निकाल लागला. पुढच्याच वर्षी तो इराणच्या मोहिमेचा सेनापती झाला, हाती तलवार आणि खिशात वकिलीचे अधिकारपत्र घेऊन. आणि तेथून परतला तो थेट बंडाच्या वणव्यात.

साताऱ्याच्या प्रकरणात तर खानदेशचे दोन अधिकारी एकमेकांसमोर उभे राहिलेले दिसतात. ज्या ओव्हन्सने भिल्लांना तगाई देऊन वसविले, तोच साताऱ्यास रेसिडेंट असताना प्रतापसिंह महाराजांविरुद्धचा पुरावा गोळा झाला आणि १८३९ मध्ये त्यांना गादीवरून काढले गेले. रंगो बापूजी गुप्ते न्याय मागण्यासाठी लंडनला गेले आणि तेथे वर्षानुवर्षे खेटे घालीत राहिले. तेथे कंपनीच्या भागीदारांच्या सभेत महाराजांची बाजू घेणाऱ्यांत एक निवृत्त जनरल होता: धुळे वसविणारा आणि नंतर साताऱ्यास रेसिडेंट राहिलेला ब्रिग्ज. महाराजांना तो जवळून ओळखत होता. समोर आलेल्या पुराव्यावर त्याचा विश्वास बसला नाही. निकाल बदलला नाही. दोघांचे शिक्षण एक, दोघांची कारकीर्द एका जिल्ह्यातून गेलेली. जाणकारी दोघांपाशी होती. तिचे काय करावयाचे हा प्रश्न मात्र प्रत्येकाने आपापल्या परीने सोडविला.

स्वतंत्र भारताच्या सैन्याला या प्रकारचे काम फार लवकर आणि फार अवघड स्वरूपात करावे लागले. कोरियाचे युद्ध २७ जुलै १९५३ रोजी थांबले. मायदेशी परत जाण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचे काय करावयाचे, यासाठी पाच तटस्थ राष्ट्रांचे मंडळ नेमले गेले; अध्यक्ष होते भारताचे जनरल थिमय्या. कैद्यांना प्रत्यक्ष सांभाळण्याचे काम भारतीय दलाकडे आले आणि त्याचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव पांडुरंगराव थोरात, कोल्हापूरकडच्या वडगावचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर, आराकानात त्यांनी पलटणीचे नेतृत्व करून डी. एस. ओ. मिळविलेला. आता त्यांना सांगण्यात आले की गोळी न झाडता काम करावयाचे.

काम किती नाजूक होते हे एका गोष्टीवरून लक्षात येईल. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांना भारतीय सैनिकांचे पाऊलही आपल्या भूमीवर नको होते, म्हणून बंदरातून या जवानांना हेलिकॉप्टरने उचलून तटस्थ पट्ट्यात नेऊन उतरविण्यात आले. तेथे त्यांनी जी छावणी वसविली तिला नाव दिले हिंदनगर. त्यांच्या ताब्यात बावीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियन कैदी आले. कैद्यांच्या आपसांत कडव्या संघटना होत्या, त्यांना भारतीयांविषयी आधीच भडकवून ठेवलेले होते, आणि त्यांची भाषा जाणणारे आपल्याकडे फार थोडे.

सप्टेंबर संपत आला असताना एका कुंपणाच्या आत चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओढून नेऊन डांबले. बाहेर सशस्त्र जवान सज्ज होते. गोळीबाराचा हुकूम दिला असता तर मेजर मेला असता, शेकडो कैदी मेले असते आणि शस्त्रसंधी कदाचित मोडली असती. थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह निःशस्त्र आत गेले. भोवती संतापलेल्या माणसांचे कडे. त्यांनी मेजरविषयी एक शब्द काढण्यापूर्वी तक्रार केली ती निराळीच. आमच्या देशात दारी आलेल्या पाहुण्याला निदान चहा, सिगारेट विचारण्याची रीत आहे, तुमच्याकडे नाही काय, अशा अर्थाचे ते बोलले. क्षणभर कोणाला काही सुचेना. मग कोणी सिगारेट पुढे केली, चहा आला, आणि थोड्या वेळाने मेजरही सुटला. आतिथ्याचा अभिमान चिनी माणसाला किती आहे याची थोरातांना कल्पना होती, की कोल्हापुरी वाड्यातला संस्कार आपसूक कामाला आला, हे सांगणे कठीण. धरणगावला भिल्लांमध्ये एकटा जाऊन बसलेला लेफ्टनंट आणि हे जनरल यांच्यात सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. फरकही आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. थोरातांना ते कैदी जिंकावयाचे नव्हते, कोणाच्या राज्याला जोडावयाचेही नव्हते. प्रत्येकाला स्वतःचा निर्णय निर्भयपणे करता यावा एवढेच काम होते. १९५४ च्या आरंभी भारतीय दल परत निघाले तेव्हा कोणत्याही बाजूला जाण्यास तयार नसलेले ८८ कैदी त्याच्याबरोबर भारतात आले.

थोरात पुढे पूर्व विभागाचे सेनापती झाले. ईशान्य सीमेवर चीन कोठून आणि किती बळाने येईल याविषयीचे आपले अनुमान त्यांनी १९५९ मध्ये लिहून दिल्लीला धाडले आणि १९६० च्या मार्चमध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा युद्धसराव घेऊन ते दाखविलेही. कोणी मनावर घेतले नाही. १९६१ मध्ये ते निवृत्त झाले. १९६२ नंतर पंडित नेहरूंनी त्यांना बोलावून घेतले, आणि हा कागद आपल्याला का दाखविण्यात आला नाही असे विचारले, असे त्यांच्या आत्मचरित्रात आहे. औट्रमचे सिंधविषयीचे म्हणणे ज्या कप्प्यात गेले त्याच कप्प्यात हाही कागद गेला होता. जाणकार अधिकारी नेमणे सरकारांना परवडते. तो जे सांगतो ते ऐकणे नेहमी परवडत नाही.

आजची व्यवस्था या दृष्टीने तपासली तर काय दिसते? खडकवासल्याला छात्रांना अरबी, चिनी, फ्रेंच, रशियन यांपैकी एका भाषेची ओळख करून दिली जाते. दिल्लीला संरक्षण खात्याची परकीय भाषांची शाळा १९४८ पासून आहे, पंचमढीला सेनेच्या शिक्षण विभागाचे केंद्र आहे. शिकण्याची सोय नाही असे म्हणता येणार नाही. अडचण आहे ती पुढे. अमेरिकेच्या सैन्यात परक्या प्रदेशांचा जाणकार अधिकारी हा एक स्वतंत्र पेशा आहे. त्याला मोंटेरेच्या शाळेत स्पॅनिशसाठी ३६ आठवडे आणि अरबी वा चिनीसाठी ६४ आठवडे बसवितात, नंतर त्या प्रदेशात राहावयास पाठवितात, आणि पुढची सारी कारकीर्द त्याच कामात जाऊ शकते. एवढे करूनही अमेरिकेला इराक आणि अफगाणिस्तान कळले असे दिसले नाही, ही गोष्ट वेगळी. ऐकणारे नसले की जाणणाऱ्यांचा इलाज चालत नाही, हे तेथेही खरे ठरले.

आपल्याकडे वकिलातीत गेलेला कर्नल तीनएक वर्षांनी परत येतो आणि पुन्हा पलटणीच्या प्रवाहात मिसळतो. बढतीचे गणित तुकडी कशी सांभाळली यावर बसलेले. ताश्कंदला किंवा तेहरानला कोणाशी किती घरोबा जोडला याला त्यात फारसे स्थान नाही. त्याच्या जागी जो नवा येतो तो ओळखी पहिल्यापासून जोडू लागतो. ज्या शिक्षकांची आणि कारकुनांची दर तीन वर्षांनी बदली होते त्यांना हे समजावून सांगावयाची गरज नाही. सामान्य अधिकाऱ्यातूनही उत्तम माणसे निघतात, याला पुरावा लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार यांचा देता येईल. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे हे अधिकारी १९८३ ते १९८७ लंडनच्या आपल्या वकिलातीत लष्करी सल्लागार होते आणि १९९२ मध्ये युगोस्लाव्हियाच्या फुटलेल्या प्रदेशात संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे पहिले सेनापती झाले. क्रोएट, सर्ब आणि बोस्नियाचे मुसलमान या तिघांच्या मध्ये त्यांनी वर्षभर उभे राहून दाखविले. पण अशी माणसे नशिबाने मिळावीत, हे धोरण होऊ शकत नाही. २०२३ मध्ये प्रादेशिक सेनेने चिनी भाषेचे जाणकार अधिकारी म्हणून घेतले, ही योग्य दिशेची लहानशी सुरुवात म्हणावी लागेल. चुशूलच्या मेजावर कोणता शब्द कोणत्या अर्थाने घेतला गेला याचा उलगडा करणारा माणूस तेथे आपलाच असावा, हे मालेगावच्या किल्ल्याखाली दोन शतकांपूर्वी कळले होते.

अमळनेरच्या विद्यार्थ्याला या वाटेने जावयाचे असेल तर त्याला चिनी किंवा फारसी शिकण्यासाठी गाव सोडावे लागेल, हे खरे. मात्र परकी बोली कानावर पडण्यासाठी त्याला दूर जावयास नको. चोपड्याच्या पलीकडे सातपुड्यात पावरी बोलतात, नंदुरबारच्या बाजूला मावची आणि भिलोरी, आणि घरात आजी अहिराणी. ज्या गावात साने गुरुजींनी शिकविले आणि ज्यांनी पुढे भारतीयांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात म्हणून आंतरभारतीचे स्वप्न पाहिले, त्या गावच्या पदवीधराला सातपुड्यातला शेजारी काय बोलतो हे बहुधा समजत नाही. धडगावच्या कचेरीत पावरा बाई अर्ज घेऊन उभी राहिली आणि साहेबाला तिचे बोलणे उमगले नाही, तर अजूनही हाक मारावी लागते ती शिपायाला. तो दारातून आत येतो, तिचे ऐकतो, आणि तिने सांगितलेल्या दहा वाक्यांची दोन करून साहेबाला सांगतो. कागदावर लिहिली जातात ती ही दोन.